चारशे सतरा नंबरची बाटली

बूट हुंगण्याचा मला पगार मिळतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं फारसं काही नाही.

खेळाचे बूट विकणारी एक मोठी दुकानांची साखळी आहे. तिच्या प्रत्येक दुकानात, पैसे घेतात त्या टेबलाशेजारी एक लहानशी फळी असते. त्या फळीवर वर्षभर दोनच वस्तू ठेवतात: बूट साफ करायचा एक फेस आणि बुटातला वास घालवायचा एक स्प्रे. त्या फळीवर बसण्यासाठी दरवर्षी वीसेक जण जीव टाकतात. कोणाचा फेस बसणार हे ब्रशमास्तर ठरवतो. तो दिवसभर मांडी घालून पांढऱ्या कापडी बुटांवर चिखल, शाई आणि तेल लावतो, मग टूथब्रशने घासतो. स्वेडच्या, म्हणजे मऊ लवदार चामड्याच्या, बुटाला कोणी पाणी लावलेलं दिसलं की त्याचा जीव घाबराघुबरा होतो. आणि कोणाचा स्प्रे बसणार हे आम्ही ठरवतो. आम्ही म्हणजे चार नाकं.

एक निवृत्त नर्सबाई, एक बेकरीवाला, एक माळीकाका आणि मी. गोदामाच्या मागच्या खोलीत आमचं टेबल. परीक्षेच्या दिवशी सुगंधी साबण नाही, डोक्याला तेल नाही, तासभर आधी चहा नाही. पार्सल पोचवणाऱ्या माणसांना तीन आठवडे तोच एक जोड घालायला देतात, आणि मग ते बूट आमच्याकडे येतात. त्या बुटांचं वर्णन मी करणार नाही, तुम्ही जेवून आला असाल. डाव्या बुटात स्प्रे मारतात, उजवा तसाच ठेवतात. एक रात्र गेली की दोन्ही झाकणाच्या खोक्यांत ठेवून आमच्यापुढे मांडतात. झाकणाला भोक असतं, त्यावर नाक ठेवायचं. आधी उजवा, मग डावा. दोन वासांच्या मध्ये आपल्याच कोपराच्या खळगीत नाक खुपसायचं, म्हणजे ते पुन्हा ताळ्यावर येतं. मग दहापैकी गुण द्यायचे आणि कारण लिहायचं. वास पार गेला असेल तर दहा.

एक नियम मात्र नीट लक्षात ठेवा. चारातल्या एका जरी नाकाने तीनच्या खाली गुण दिले तर ती बाटली तिथेच बाद. आमच्या मोठ्या मॅडमचं म्हणणं असं की दहा खूश गिऱ्हाईकं गप्प घरी जातात आणि एक नाराज गिऱ्हाईक दुकानात येऊन बोंब मारतं. बाटल्यांवर कंपनीचं नाव नसतं, नुसता तीन आकडी नंबर असतो. कोणता नंबर कोणाचा हे फक्त मॅडमच्या कपाटात, आणि बाटली देणाऱ्याच्या हातातल्या पावतीवर.

मी त्या टेबलावर कशी आले हे सांगायचं तर साखऱ्याचं नाव घ्यावं लागतं. साखऱ्या हे काही त्याचं खरं नाव नाही. बोलणं इतकं गोड की आम्हीच ते ठेवलं होतं. एका लहानशा कारखान्यात आम्ही दोघं कामाला होतो, फरशी पुसायची औषधं बनायची तिथे. बुटांचा स्प्रे करायचं माझ्या डोक्यात आलं ते आमच्या दादामुळे. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. दिवसभर पहारेकऱ्याच्या नोकरीत उभा, आणि संध्याकाळी त्याने बूट काढले की घरातली माणसं एकेक करून गॅलरीत जाऊन उभी राहायची. अकरा महिने मी त्याच्या बुटांवर प्रयोग केले. खाण्याचा सोडा घातला, त्याने आतलं चामडं कोरडं पडून तडकलं. नुसता सुवास घातला, तर घामात अत्तर मिसळून असं काही तयार झालं की वहिनीने बूट दोरीला बांधून खिडकीबाहेर टांगले. शेवटी जमलं. स्पिरिट, जस्ताचा एक क्षार, लिंबाच्या सालीचा अर्क, आणि सगळ्याच्या तळाला लवंगेच्या तेलाचा नुसता स्पर्श. तो स्पर्श कोणाच्या लक्षात येत नाही, पण तो नसेल तर दुसऱ्या दिवशी वास परत येतो. हे शोधायला मला सगळा हिवाळा लागला होता.

साखऱ्या रोज माझ्या टेबलाशी यायचा. "तुझ्या नाकाला सोन्याने मढवायला पाहिजे गं," म्हणायचा. मी भाळले. वही उघडी टाकून जेवायला जायचे.

मालकांनी दुकानदारांना बोलावून तो स्प्रे दाखवला, त्या दिवशी बोलायला साखऱ्या उभा राहिला. मी मागच्या रांगेत, हातात बाटल्यांचा ट्रे. कोणीतरी विचारलं, हे सुचलं कोणाला? साखऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. माझी छाती फुलली. आणि तो म्हणाला, "नाक त्यांचं, डोकं माझं." सगळे हसले. मालकही हसले. मीसुद्धा हसले, आणि त्याची लाज मला अजून वाटते. महिन्याभरात त्याने स्वतःची कंपनी काढली, जाताना मालकाला सांगून गेला की या बाईची आता गरज नाही, आणि मालकालाही ते पटलं.

चार वर्षं झाली त्याला. पहिलं वर्ष घरी बसून काढलं, मग नाकाच्याच जोरावर या टेबलावर लागले. या चार वर्षांत मी साखऱ्याला किती प्रकारे मारलं असेल! मनातल्या मनात हो. भांडी घासताना, बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे आ वासून पडले असताना. मला त्याला रडताना बघायचं होतं. कोणी म्हणतं राग धरून ठेवू नये, आपल्यालाच त्रास होतो. मला अजिबात त्रास होत नव्हता. मी रोज त्याला पाणी घालून वाढवत होते.

यंदा बाटल्या जमा करायच्या दिवशी तो गोदामाच्या दाराशी उभा. इस्त्रीचा शर्ट, काखेत खोका. मला बघून त्याला अवघडल्यासारखं व्हायला पाहिजे होतं. तो चक्क खुलला.

"अगं, तू इथे! अजून हुंगतेस का?"

"हुंगते. पोट आहे ना मला," मी म्हटलं.

"छान, छान. माझी पण एक बाटली आहे यंदा. बघ हं, जुनी ओळख आहे आपली." आणि डोळा मारला त्याने!

मी आत जाऊन कोपराच्या खळगीत नाक खुपसून बसले. नर्सबाईने विचारलं, "काय झालं? अजून तर बूट आले पण नाहीत."

"काही नाही. तयारी करतेय," मी म्हणाले.

परीक्षा चार दिवसांनी झाली. एकवीस खोकी. बाराव्या खोक्यापर्यंत नेहमीचंच. कशात पुदिना कोंबलेला, कशात औषधाच्या दुकानाचा वास. दोनशे पाच नंबरच्या बाटलीत संत्र्याचा असा भडिमार की माळीकाकांना शिंका आल्या. पण वास बऱ्यापैकी दबला होता. मी सहा दिले.

मग आली चारशे सतरा.

उजव्या बुटाने आधी डोळ्यांत पाणी आणलं. मग डाव्यावर नाक ठेवलं आणि मी थिजले. आत काहीच नव्हतं. म्हणजे बूट होता, रबर होतं, कापड होतं, पण पाय नव्हता. लिंबाची साल, ती पण अगदी मागे उभी. आणि सगळ्याच्या तळाला लवंग. माझा हिवाळा त्या खोक्यात बसला होता.

माझ्या कानांतून धूर निघाला म्हणा ना. चोराने माझी वस्तू माझ्याच नाकाखाली आणून ठेवली होती, आणि वर डोळा मारला होता. मी पुन्हा वाकले. लवंग माझ्यापेक्षा किंचित कमी होती. कंजूष, मी मनात म्हटलं. चोरीच्या मालातही काटकसर करतो! बाकी घडण मात्र तीच. हा वास जगात दोघांनाच माहीत होता. एक मी, एक तो. मी खोका बंद केला आणि दुसऱ्यांदा विचारही केला नाही.

कागदावर मी दोन लिहिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ओल्या चिंधीचा वास येतो, मळमळतं. सही केली.  सबंध आयुष्यात मी टेबलावर खोटं लिहिलं नव्हतं. आपलाच उत्तम माल आपल्या हाताने सडका ठरवला होता, आणि मला काय वाटलं सांगू? गार वाटलं. पोटात थेट गार.

बेकरीवाला त्याच्या जागेवरून म्हणाला, "चारशे सतरा म्हणजे कमाल आहे बुवा." बोलायची परवानगी नसते. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि तो गप्प झाला.

संध्याकाळी मी तशीच दादाकडे गेले. हा आनंद एकटीने खाण्यासारखा नव्हता. दादा कामावरून यायचा होता. वहिनी स्वयंपाकघरात गाळणीने काहीतरी गाळत होती. माझी वहिनी म्हणजे पाणी प्यायलाही दुसऱ्याला विचारणारी बाई. बाजारात गेली तर कोणता रंग घेऊ म्हणून मला फोन करणार. मी तिला येताजाता चिडवायचे, की तुला श्वास घ्यायचं पण कोणीतरी सांगावं लागतं.

"वहिनी, हात पूस आणि बाहेर येऊन बस," मी म्हटलं. "आज मी साखऱ्याला गाडला."

ती बसली. मी तिला सगळं सांगितलं. त्याचा इस्त्रीचा शर्ट, डोळा मारणं, खोका, लवंग, ओली चिंधी. साभिनय सांगितलं. ती आधी माझ्याबरोबर हसली. गोष्ट ओल्या चिंधीपाशी आली तेव्हा मात्र तिचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"ताई, कोणत्या नंबरची बाटली म्हणालात?"

"चारशे सतरा."

ती उठली. आत गेली. बराच वेळ आली नाही. मी हाक मारली तेव्हा सिंकमध्ये काहीतरी ओतल्याचा आवाज आला. मी जाऊन बघितलं तर ओट्यावर आठ-दहा बाटल्या ओळीने उभ्या, आणि वहिनी एकेक उघडून सिंकमध्ये रिकामी करत होती. सगळं स्वयंपाकघर लिंबाच्या सालीने भरलं होतं.

"हे काय चाललंय?"

"काही नाही हो. वास येतो ना. मला वाटलं होतं जमलंय." तिने पदराने नाक पुसलं. "तुमचं नाक कधी चुकत नाही."

फ्रिजवर चुंबकाखाली एक पावती होती. साखळीचा शिक्का, वहिनीचं नाव, आणि नंबर.

मी तो दोनदा वाचला. चारशे सतरा. कारखान्यातून निघाल्यावर मी वर्षभर घरात पडून होते, तेव्हा वहिनीच माझ्याजवळ बसायची. एका दुपारी मीच तिला सगळी कृती सांगितली होती, दादाच्या बुटांसाठी घरच्या घरी करत जा म्हणून. लवंगेने दादाला शिंका येतात, तेव्हा तू थोडी कमी घाल, हेही मीच म्हटलं होतं. ती करत राहिली. मग शेजारणीला दिली, मग शेजारणीच्या बहिणीला. आणि यंदा कोणालाही न विचारता, दादालाही न सांगता, एकटी बसने जाऊन बाटली जमा करून आली. जन्मात पहिल्यांदा.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला गुण देता आले नसते ना. आणि निवडली गेली असती तर सांगणार होते, की ही तुमची आहे. पावतीवर तुमचं पण नाव घाला म्हटलं होतं मी. ते नाही म्हणाले." तिने पुढची बाटली उचलली. "जाऊ दे. मळमळेल असा वास कशाला द्यायचा लोकांना."

तिने माझ्या शब्दाखातर स्वतःच्या नाकावर अविश्वास दाखवला होता. इतकी वर्षं मी तिला चिडवत आले, त्याचं हे फळ. मी तिच्या हातातून बाटली हिसकावली.

"वास नाही येत, वहिनी. काही वास येत नाही. मी खोटं लिहिलं."

"का?"

"मला वाटलं त्याची आहे."

 वहिनी कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही नाही चढवला. "पण होती माझी," एवढंच म्हणाली. मग ओट्यावरच्या उरलेल्या तीन बाटल्यांना झाकणं लावली आणि कुकर चढवला. दादा आला, जेवला. जेवताना म्हणाला की आज घरात छान वास येतोय.

सकाळी गोदामाचं दार उघडायच्या आधीच मी पायरीवर होते. निकाल बाराला लागणार होता. मॅडम आल्या, पर्स ठेवली, मला बघून म्हणाल्या, "बोला."

"मॅडम, एखादं नाक चुकलं तर काय करतात?"

"कसं चुकलं त्यावर आहे," त्या म्हणाल्या. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील, पण नियम त्यांना पाठ. "कोणी मुद्दाम खोटे गुण दिले असतील तर सगळी परीक्षा रद्द. सगळ्या बाटल्या परत, पुढच्या वर्षी या. शिवाय त्या नाकाला नंबर कसा कळला, याची चौकशी. ज्या बाटलीचा नंबर फुटला ती कायमची बाद."

"आणि मुद्दाम नसेल तर?"

"म्हणजे नाक बिघडलं असेल तर? मग नाकाची तपासणी. नापास झालं तर त्या नाकाचे सगळे गुण खोडायचे, उरलेल्या तिघांचे धरायचे. आणि ते नाक पुन्हा या टेबलावर बसत नाही."

त्या फायलीवर बोटं वाजवत बसल्या. मी म्हटलं, आत्ता जिंकतंय कोण? त्या म्हणाल्या, निकाल बाराला. पण उघड्या दारातून मला दिसलं. बाहेरच्या बाकावर साखऱ्या येऊन बसला होता, नवा शर्ट, शेजारी मिठाईचा मोठा डबा. वरच्या खिशातून पावती अर्धी बाहेर आलेली. दोनशे पाच.

म्हणजे संत्र्याचा भडिमार त्याचा होता. माझी कृती त्याने केव्हाच टाकून दिली होती, स्वस्तात पडावं म्हणून. मी त्याला सहा दिले होते, माझ्या हाताने, आणि सहाच्या वर कोणालाच दिले नव्हते. वहिनीला दोन देऊन वाटेतून काढलं होतं, तेही माझ्याच हाताने. चार वर्षं मी ज्याच्या नावाने दात खाल्ले त्याला मीच उचलून फळीवर बसवत होते! मला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि मग त्याच्या, जोरात.

खरं बोलावं, परीक्षा रद्द व्हावी, निदान तो तरी बसणार नाही. हा विचार आला, आणि मला गोड वाटला. पण वहिनी पुन्हा बाटली घेऊन बसमध्ये चढणार नव्हती. मी तिला ओळखते. आणि चौकशी झालीच तर आमचं नातं बाहेर येऊन तिची बाटली कायमची जाणार होती. माझ्याकडे विकायला एकच गोष्ट उरली होती, ती तोंडाच्या मधोमध होती.

"मॅडम," मी म्हटलं, "माझं नाक गेलंय."

तपासणी लगेच झाली. बाकीची तिन्ही नाकं साक्षीला. टेबलावर झाकणाच्या सहा बरण्या, चारांत वास, दोनांत नुसतं पाणी. दार उघडंच होतं आणि साखऱ्या चौकटीला टेकून बघायला उभा राहिला. त्याला कोणी हाकललं नाही. मॅडमच्या लक्षात आलं नसेल, की आलं असेल, मला माहीत नाही.

पहिली बरणी. झाकण उघडायच्या आतच मला कळलं: व्हिनेगर, आणि बरणीत आधी लोणचं ठेवलेलं.

"काही येतंय?"

"नाही."

दुसरी. पाणी. बरणी कालच धुतलेली, साबण साधा. मी मुद्दाम बराच वेळ हुंगलं आणि म्हणाले, "गुलाब आहे का?"

नर्सबाईने खाली बघितलं. तिसरीत रॉकेल होतं. रॉकेल! रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला कळेल असं. माझ्या डोळ्यांना झोंबलं, पण पापणी हलू दिली नाही. "पाणी," मी म्हटलं.

"नीट घ्या ताई, घाई करू नका," बेकरीवाला काकुळतीला आला होता. सात वर्षं भट्टीपुढे काढलेला माणूस, मला गुरू मानायचा.

चौथ्या बरणीत ओली लोकर. पाचवीत पाणी. सहावीत लोणी होतं, किंचित खवट झालेलं, बहुधा परवाचं. प्रत्येक वासाला मी आतून नाव देत होते आणि तोंडाने नाही म्हणत होते. हात धरून कोणाला दाराबाहेर काढावं तसं मी माझ्या नाकाला काढत होते. मला रडू येत नव्हतं. चीड येत होती, इतकी की कोपराच्या खळगीत नाक घालायची सवयही मी दाबून ठेवली. वास न येणारा माणूस कशाला ते करेल.

"नापास," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग लाल पेनाने माझा कागद आडवा खोडला, एकवीसच्या एकवीस ओळी.

बाराला निकाल लागला. चारशे सतरा, तिन्ही नाकांचे नऊ, नऊ, आठ. दोनशे पाच दुसरी. वहिनीचं नाव वाचलं तेव्हा ती तिथे नव्हती. तिने यायचंच नाही असं ठरवलं होतं. मी भिंतीशी उभी राहून साखऱ्याकडे बघत होते. हेच बघायला मी चार वर्षं थांबले होते, आता एक पापणीही सोडायची नव्हती.

त्याचा चेहरा पडला. खरंच पडला. मिठाईचा डबा बाकाखाली सरकवला. मग टेबलापाशी आला, चारशे सतराची बाटली उचलली, एका कागदाच्या पट्टीवर फवारली आणि हुंगली.  आता ओळखेल. आता मान वळवेल, माझ्याकडे बघेल, आणि त्याला कळेल की कोणी मारलं.

त्याने पुन्हा हुंगलं. "चांगलंय हो," तो मॅडमना म्हणाला. "वेगळंच काहीतरी आहे. असं मी आधी कुठे पाहिलं नाही. कोण आहेत या बाई?"

अकरा महिन्यांचं माझं काम त्याने चोरलं, स्वतःच्या नावाने विकलं, आणि त्याचा वास कसा होता हेही त्याला आठवत नव्हतं.

मी तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं. लवंग, हिवाळा, वही, सगळं. पण मला ते कसं कळलं असतं? सगळ्यांसमोर मला रॉकेल कळलं नव्हतं.

तो माझ्यापाशी आला. ती पट्टी अजून हातात होती. लहान मुलाला घास द्यावा तशी त्याने ती माझ्या नाकासमोर धरली.

"हे सुद्धा नाही येत का गं?"

पट्टीवरून लिंबाची साल उठत होती, आणि तिच्याखाली वहिनीने मोजून कमी घातलेली लवंग.

"नाही," मी म्हणाले.

साखऱ्याचे डोळे भरून आले. मी खोटं सांगत नाही, खरंच भरून आले. "वाईट झालं गं," तो म्हणाला, माझ्या खांद्यावर थोपटलं, बाकाखालचा मिठाईचा डबा काढला आणि माझ्या हातात देऊन निघून गेला.